चुलीची माती

शेषराव पाटलांचा बैल पोळ्याच्या तोंडावर मेला आणि गोठ्यामागेच पडून राहिला. एरवी दिवस कलायच्या आत आमच्या वस्तीतून माणसं दोर घेऊन गेली असती. त्या वर्षी कोणी उठलं नाही. आदल्या दसऱ्याला वस्तीतली बहुतेक माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती, आणि परतीच्या गाडीतच ठरलं होतं की मेलेलं ढोर आता ओढायचं नाही. आमच्या घरचा दोर गुंडाळून आढ्याला टांगलेला होता. जाळला का नाही, असं मी एकदा विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "चांगला सुताचा हाय. विहिरीले कामी येईन."

मी त्या घरात नवी सून. सासूबाई पार्बताबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. थोरले श्रावण, नात्याने माझे भासरे. त्यांची बायको भागीरथा. आणि माझे मालक सहदेव, जे अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला होते आणि सणासुदीला तेवढे घरी येत. भागीरथा वयाने आणि मानाने मोठी, पण मला बहिणीसारखी, त्यामुळे तोंडाने बाई म्हटलं तरी मनातून अहोजाहो कधी जमलं नाही. ती हसली की आधी खांदे हलायचे, आवाज मागून यायचा.

बैल फुगला. वारा फिरला की वास आमच्या दारापर्यंत यायचा. अखेर पाटलांनी परगावचे गडी आणून तो ओढून नेला. दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी वस्तीच्या तोंडाशी उभा राहून सांगून गेला की निंदायला, वेचायला कोणी यायचं नाही, गायरानात शेळी दिसायची नाही, आणि पांढरीवर टोपलं न्यायचं नाही.

पांढरी म्हणजे गावाच्या वरच्या अंगाची जुनी मातीची टेकडी. भिंत लिंपायची, चूल घालायची, तर सारं गाव तिथूनच माती आणायचं. आमच्याकडची शेतातली माती काळी, वाळली की भेगाळते. तिची चूल उभी राहत नाही.

"मातीबी बंद?" भागीरथा म्हणाली. "माती का त्याच्या बापानं आनली होती?"

"ढोर वढा अन् माती न्या," गडी म्हणाला. "पाटलाचा निरोप हाय. माहं काही नाई बापा."

भासरे कामासाठी अंजनगावला जाऊ लागले. पानमळ्यांत आम्हाला शिरू देत नसत, वेलाला विटाळ होतो म्हणत. बाजारात हमाली मिळे, तीही रोज नाही. मग एक दिवस ते भाड्याच्या बंडीत बसून परत आले आणि बंडीत काळे चौकोनी डबे होते, दगडासारखे जड. दर्यापूरच्या रस्त्याला खुशालराव नावाच्या माणसाचं मोटरीचं गॅरेज होतं. कापसाच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकांच्या निकामी बॅटऱ्या त्याच्या मागच्या अंगणात पडून असायच्या. खुशालरावने सांगितलं होतं, या मेल्या आहेत, घरी ने, फोड, आतलं शिसं वितळवून आण आणि मजुरी घेऊन जा.

"मेल्या म्हनते थो," भासरे आत्याबाईंना सांगत होते. "मोटर चालू नाई झाली की म्हनते, ब्याटरी मेली. म्या म्हनलं, मेलेलं आमी सोडलं मालक. तर हासाले लागला."

आत्याबाईंनी डब्याला बोट लावून पाहिलं, बोट नाकाशी नेलं.

"वास नाई येत," त्या म्हणाल्या.

"नाई येत माय. किडेबी नाई पडत."

"मंग चांगलं हाय."

गावात बंडी शिरताना पाटील ओट्यावर बसलेले होते. ते बोललेच. "काय गा श्रावण, ढोरं सोडले अन् ब्याटऱ्या धरल्या? मेलं म्हनजे तुमच्याच घरी."

"हो पाटील," भासरे बंडीतूनच म्हणाले, "पन हे फुगत नाई."

ही गोष्ट वस्तीत कितीतरी दिवस फिरली. कोणी भेटलं की म्हणायचं, काय श्रावणभाऊ, फुगलं का? आणि भासरे हसायचे. त्यांना असं हसताना मी त्याच काळात पाहिलं.

काम असं होतं. आधी डबा आडवा करून आतलं तेजाब ओतून टाकायचं. आमच्या अंगणाच्या एका कडेला कडुनिंब होता, त्याच्या बुडाशी ते ओतत. जमीन फसफसायची, पांढरा फेस यायचा आणि मग खाली बसायचा. मग वरचं डांबर छन्नीने फोडायचं आणि आतले पत्रे उपसून काढायचे. शिशाच्या जाळ्या, त्यांत करडी-तपकिरी लुगदी भरलेली, आणि दोन पत्र्यांच्या मधे पातळ लाकडाच्या चिपा. लुगदी झटकायची, पत्रे धुवायचे, तो सारा गाळ आणि धुवणाचं पाणी पुन्हा निंबाकडेच. मग लोखंडी कढईत पत्रे घालून खाली जाळ करायचा. काळी मळी वर आली की झाऱ्याने काढून फेकायची. तिच्याखाली शिसं असं चकचकीत दिसायचं की भागीरथा वाकून त्यात तोंड पाहायची.

"पाह्य वं शालू," ती मला म्हणायची, "पाटलाच्या घरीबी असा आरसा नसन."

पहिल्यांदा दगड मांडून अंगणातच करत होते. पाऊस लागला तेव्हा दगड विझले, चिखल झाला. मग कढई आमच्या छपरीतल्या चुलीवर आली. त्या चुलीवर सकाळी शिसं व्हायचं, दुपारनंतर भाकरी. लाकडं महाग म्हणून त्या पातळ चिपा आम्ही जाळण्यासाठी ठेवायचो. त्या लवकर पेटायच्या आणि त्यांच्या धुराला गोडसर वास असायचा. भासरे ठोकायचे, भागीरथा झारा धरायची, मी पाणी भरायची. आत्याबाई मातीच्या साच्यात ओतलेल्या लगड्या गार झाल्या की फडक्याने पुसून, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तशा पोत्यात ठेवायच्या. काळे डबेही वाया जात नव्हते. एकात कोंबड्यांचं पाणी, एकात झेंडू, एकात शेळीची वैरण.

घर चाललं. वस्तीतली बरीच घरं शहरात निघून गेली, आम्ही राहिलो, आणि आत्याबाईंना त्याचा फार अभिमान होता. बाबासाहेबांच्या फोटोला त्यांनी अंजनगावहून काच बसवून आणली.

कोंबड्या आधी गेल्या. मान वाकडी करून गोल फिरायच्या आणि पडायच्या. मग निंबाची एक बाजू वाळली. त्याच्या बुडाशी गवताची काडी उगवेना, भर पावसाळ्यातही तिथली जागा सारवल्यासारखी साफ असायची. आम्ही म्हणायचो, बरं झालं, साप दिसतो.

भागीरथाला दिवस गेले तेव्हा तिला मातीचे डोहाळे लागले. आमच्याकडे हे नवं नाही. पोटुशी बाई चुलीची भाजकी माती खाते, सासू स्वतःच्या हाताने तोडून देते. आत्याबाईंनी चुलीच्या कडेचा तुकडा उलथण्याने काढून तिच्या तळहातावर ठेवला. भागीरथाने तो जिभेवर घोळवला आणि डोळे मिटले.

"माय," ती म्हणाली, "कशी गोड हाय वं. माहेरी अशी नाई खाल्ली."

"दाखव," मी म्हटलं. तिने अर्धा मला दिला. खरंच गोड होती. साखरेसारखी नाही, जिभेच्या मागे राहणारी.

"हाताचा गुन हाय," आत्याबाई म्हणाल्या. ती चूल त्यांनीच घातलेली, दीक्षेच्या आधी, पांढरीच्या मातीने.

चुलीचं नाव झालं. शेजारची तानुबाई पोटुशी होती, ती ओच्यात घेऊन गेली. माहेरपणाला आलेल्या पोरी मागायच्या. चुलीची कडा झिजली की आत्याबाई राख-मातीने पुन्हा लिंपायच्या.

भागीरथाचं ते पोट पाचव्या महिन्यात पडलं. तानुबाईचं पोर आलं ते निळं, रडलंच नाही. पुढच्या साली भागीरथाला मुलगा झाला. अंगाने बारीक, पण नाकडोळा श्रावणभासऱ्यांचा. दात यायच्या सुमाराला त्याला आकडी यायला लागली. एकदा सकाळी मी पाण्याचा हंडा उतरवत होते तेव्हा आतून भागीरथा म्हणाली, "शालू, याले पाह्य बरं, हा काहून असा पाहून राहिला?" मी हंडा ठेवून आत गेले तोवर तो पाहत नव्हता.

गावात बोललं जायचं ते आमच्या कानावर यायचं. देव सोडले, देवांनी लेकरं नेली. तानुबाईचंही मन हललं. ती आत्याबाईंना म्हणाली, "एक डाव भगताले विचारून पाह्य ना वं. कोनाले सांगू नोको."

"नाई," आत्याबाई म्हणाल्या. "सोडलं म्हनजे सोडलं."

"नातू गेला तुहा."

"गेला. पन म्या उद्या अंगारा आनला तर मंग थो बैल काहून नाई वढला?"

आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

भासऱ्यांचं पोट दुखायला लागलं ते त्याच हिवाळ्यात. पोटात पिळे पडायचे, माणूस गुडघे छातीशी घेऊन छपरीत लोळायचा. तोंडाचा रंग राखेसारखा झाला. मग उजवं मनगट लुळं पडलं, मागून डावंही. हात पुढे केला की पंजा खाली लोंबायचा, मोडलेल्या फांदीसारखा. हातोडा सुटून पायावर पडला. भाकरीचा घास तोंडाशी नेता नेता ताटात पडायचा आणि ते इकडेतिकडे पाहायचे, कोणी पाहिलं का. आम्ही तिघी चुलीकडे तोंड करून बसायचो.

मग ठोकायचं काम भागीरथा करू लागली. ती तेव्हा तिसऱ्यांदा पोटुशी होती.

सहावा लागल्यावर तिलाही पिळे आले. हातपाय ताठ झाले, दातखीळ बसली. सुटल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते पोटावर हात ठेवून. "हालून राहिलं वं. अजून हालून राहिलं."

आम्ही तिला मोटरीत घालून अमरावतीला सरकारी दवाखान्यात नेलं. भासरे, आत्याबाई, मी. व्हरांड्यात बसवून ठेवल्यावर एक डॉक्टरीणबाई आल्या. चष्मा, पांढरं पातळ, बोलणं पुण्याकडचं. त्यांनी पोट तपासलं, डोळ्याची पापणी ओढली आणि मग अंगठ्याने भागीरथाचा खालचा ओठ उलटा केला. थोडा वेळ बघत राहिल्या.

"हिचा नवरा काय काम करतो?"

"मेलेल्या ब्याटऱ्या फोडतो," आत्याबाईंनी सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी भासऱ्यांचा ओठ उलटा केला. मग आत्याबाईंचा. मग माझा. प्रत्येक हिरडीवर दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती, काजळाच्या काडीने ओढल्यासारखी. आम्ही एकमेकांचे ओठ असे कधी पाहिलेच नव्हते.

"शिसं वितळवता का? कुठे?"

"चुलीवर."

"स्वयंपाकाच्या?"

आत्याबाईंनी मान हलवली. त्यांनी आणखी विचारलं आणि मातीचं निघालं. भागीरथानेच सांगितलं, लाजून, डोहाळे सांगतात तसं. डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या.

"शिसं हे विष आहे," त्या म्हणाल्या. "धुरातून जातं, हाताला लागून पोटात जातं. ती गोडी शिशाची आहे, मातीची नाही. आधीची मुलंही त्यानेच गेली असतील."

आत्याबाईंचा चेहरा मी पाहत होते. मला वाटलं होतं त्या रडतील. पण त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. "म्हनजे देवाचं नाई," त्या म्हणाल्या.

"देवाचा काय संबंध?"

"नाई, गावात म्हनतात." मग त्यांनी विचारलं, "हे लेकरू राहीन का?"

"आजपासून सगळं बंद केलंत तर राहील. कदाचित. ती चूल फोडा. शिसं, डबे, राख, सगळं घरापासून दूर टाका. हिला शिशाचा कणही पोटात जाता कामा नये."

"दूर म्हनजे कुठी, डॉक्टरीणबाई?"

"दूर म्हणजे दूर. जिथे माणसं नाहीत, पाणी नाही."

"आमची जागा आंगनाएवढी," आत्याबाई म्हणाल्या. "त्याच्या पल्याड सारं पाटलाचं."

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या बाईला हाक मारली.

घरी आल्यावर त्याच दिवशी कढई उतरली. अंगणात फोडायच्या राहिलेल्या बॅटऱ्या होत्या, मळीची पोती होती, लुगदीचा ढीग होता. दुसऱ्या दिवशी भासऱ्यांनी बंडी सांगितली आणि सारं भरून खुशालरावच्या गॅरेजवर नेलं. मी सोबत गेले, कारण त्यांच्या हातांनी काही उचलत नव्हतं.

खुशालराव माणूस वाईट नव्हता. त्याने भासऱ्यांना चहा सांगितला, कप हातातून निसटेल म्हणून बशीत ओतून दिला. पण माल उतरवू दिला नाही.

"शिसं हाय तेवढं देऊन टाक," तो म्हणाला. "बाकीच्याचं मी काय करू श्रावण? मेलेलं परत घेऊन मी कुठी ठेवू?"

"आमच्यापरीस तुमची जागा मोठी हाय."

"इथी गिऱ्हाइक येते. माह्ये लेकरं खेळतात."

भासरे बशीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हो. लेकरं खेळतात." आणि बंडी तशीच वळवली.

येताना नाल्याच्या उतारावर थांबलो. तिथे टाकावं असं आमच्या मनात होतं. पाटलांची जनावरं पाण्यावर होती आणि तोच गडी त्यांच्या मागे होता. तो काठी आडवी करून उभा राहिला.

"इथी नाई. ढोरं पानी पेतात."

"विषारी हाय, म्हनूनच वस्तीतून काढून राहिलो बापा," भासरे म्हणाले.

"विषारी हाय तर आमच्या पान्यात काहून टाकता?"

त्याचं चुकत नव्हतं. गायरान बंदच होतं. सडकेच्या कडेला टाकलं तर वस्तीचंच नाव झालं असतं. दिवस उतरताना बंडी आमच्याच दारात उभी राहिली, आणि मी आणि आत्याबाईंनी अंगणाच्या एका कोपऱ्यात, बोरीच्या झाडाकडे खड्डा केला. जमीन कोरडी होती, पहार उडायची. भासरे बसून सांगत होते, आणखी खोल, आणखी खोल. डबे, पोती, लुगदी, चिपा, कोंबड्यांचं भांडं, झेंडूचं भांडं, सारं त्यात गेलं. शेवटी आत्याबाईंनी आपल्या हाताने घातलेली चूल पहारीने फोडली आणि टोपलं टोपलं करून तीही टाकली. वरून माती लोटून त्यांनी पाय आपटून दाबली. भागीरथा दारात बसून पाहत होती. तिला आम्ही हात लावू दिला नव्हता.

"पुरलं," आत्याबाई म्हणाल्या. "आता नाई येत वर."

आता चूल हवी होती. तीन दगडांवर चाललं असतं चार दिवस, पण वारा आत घुसायचा, धूर सगळा भागीरथाच्या अंगावर. आणि ती एक मागणं मागून बसली होती. तिची जीभ मातीला वखवखलेली असायची. रात्रंदिवस तोंडाला पाणी सुटायचं, भिंतीचे पोपडे नखांनी काढायची आणि आम्ही हात धरायचो. ती म्हणायची, "चांगल्या मातीची तरी देजा वं. नव्या चुलीची देजा. डॉक्टरीणबाईनं जुन्या चुलीचं सांगतलं."

आत्याबाई टोपलं घेऊन पांढरीकडे गेल्या. सोबत मी. पाटील स्वतः वाटेवर भेटले, म्हातारे झाले होते, कानाला रुमाल बांधलेला.

"पाटील, सून अडली हाय. एक टोपलं माती नेतो."

"ने ना," ते म्हणाले. "मी कधी नाई म्हनलं? गोठ्यामागे म्हैस मरून पडली हाय. पोराले पाठव. मंग टोपलं ने, बंडीभर ने."

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. उधार वस्तू परत मागावी तसं म्हटलं.

घरी येऊन मी ते सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कोण जाणे, पण भासरे विचारत होते. ऐकून ते उठले. खाटेवर चढले, आणि दोन्ही मनगटांनी, लुळ्या पंजांनी, आढ्याचा दोर खाली ओढला. त्यावर इतक्या वर्षांची काजळी होती.

आत्याबाई दारात आडव्या झाल्या.

"दोर ठेव."

"माय, मातीसाठी जातो. लेकरासाठी."

"ठेव म्हनलं ना."

"कोनाले समजन? एक म्हैस."

"मले समजन. तिले समजन." त्यांनी भागीरथाकडे बोट केलं. "लेकराले काय सांगशीन, तू कायच्या मातीवर झाला?"

भासऱ्यांनी दोर मनगटाला गुंडाळून पाहिला. ओढ बसली तर पकड राहते का ते पाहत असावेत. दोर घसरून खाली पडला. ते त्याच्याकडे पाहत खाटेवर बसले. म्हशीला एक माणूस पुरत नाही, आणि भासऱ्यांत तर एक माणूसही पुरता उरला नव्हता.

"मातीचं मी पाह्यतो," आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भासऱ्यांना पिळे आले, ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. आत्याबाईंनी अंगणभर फिरून जमीन पाहिली. बोरीकडे तर खड्डा होता, तिकडे त्या फिरकल्याही नाहीत. दाराशी खडक. मग त्या निंबाच्या बुडाशी बसल्या आणि खुरप्याने थोडं उकरलं. ती जागा भुसभुशीत होती. खाली पांढुरकी, मऊ.

"शालू, पाह्य," त्या म्हणाल्या. "गवत नाई, मुळी नाई, किडा नाई. चाळाचीबी गरज नाई. आंगनातली साऱ्यात साफ जागा हे."

"तिथी तेजाब टाकत होतो आत्याबाई."

"थे पानी होतं वं. किती पावसाळे गेले त्याच्यावर. शिसं तर आपन तिकडं पुरलं."

मी पाणी आणलं. त्यांनी माती भिजवली, गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा, कुटून घातला, पायांनी तुडवली. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं ते मी पुन्हा पाहिलं नाही. कोणाच्या दारात न जाता माती मिळाली होती. आपल्या अंगणाची. हातांनी थापून, गोलाई देऊन, ओल्या बोटांनी कडा गुळगुळीत करत त्यांनी चूल घातली. मधेच म्हणाल्या, "पांढरीच्या मातीपरीस मऊ हाय." उन्हात वाळायला ठेवली. तडा एक गेला नाही. आणि वाळल्यावर कापसाच्या पळाट्यांचा जाळ करून भाजून घेतली.

सकाळची वेळ होती. भासऱ्यांना जरा बरं वाटत होतं, ते ताट घेऊन बसले होते. भागीरथा चुलीपासून नजर हलवत नव्हती. आत्याबाईंनी उलथण्याने कडेचा लहानसा तुकडा काढला, फुंकला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"घे. आता खाय. हे आपली हाय."

भागीरथाने तो जिभेवर ठेवला. डोळे मिटले. तिचे खांदे हलले, हसण्याआधी हलायचे तसे.

"गोड हाय वं," ती म्हणाली. "तशीच. तशीच गोड."

आत्याबाई हसत होत्या. मग त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पुढे गेलं नाही.

भासऱ्यांच्या हातातली भाकर ताटात पडली. "माय," ते म्हणाले, "माती कुठची आनली?"

आत्याबाईंनी दाराबाहेर पाहिलं. निंबाची वाळकी बाजू तिथून दिसत होती.

"थुक," भासरे म्हणाले. "भागीरथा, थुक थे."

तिने डोळे उघडले. आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. तोंड उघडून दाखवलं. जीभ स्वच्छ होती.

भागीरथाने दोन्ही हात पोटावर घेतले आणि आत काही हालतं का याची वाट पाहत बसली. खूप वेळाने आत्याबाई म्हणाल्या, कोणाला उद्देशून नाही, "आता दुसरी माती कुठची आनू?"

पहार कोपऱ्यात उभी होती, मी तिच्याकडे पाहिलं. आत्याबाईंनीही पाहिलं. मग त्या उठल्या, परातीत पीठ घेतलं आणि मला म्हणाल्या, "जाळ कर."

दुपारचा स्वयंपाक त्याच चुलीवर झाला.